कापून लांब केलेली पाणबुडी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकी नौदलाच्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीवर पानभर टिपण होतं. ३० डिसेंबर १९५९ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि २० जुलै १९६० रोजी केप कॅनाव्हरलजवळ तिने पाण्याखालून ‘पोलॅरिस’ क्षेपणास्त्र सोडलं. असं करणारी ती पहिली अणुपाणबुडी. त्या टिपणावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दुसरीच एक पाणबुडी मधोमध कापून, मध्ये तुकडा घालून ही तयार केली असं तुम्ही लिहिलंत. बांधून झालेली पाणबुडी अशी कापता येते?

उत्तर : येते, पण इथे बांधून झालेली पाणबुडी नव्हतीच. १९५७ च्या अखेरीस कनेटिकटमधल्या ग्रॉटनच्या इलेक्ट्रिक बोट कारखान्यात ‘स्कॉर्पियन’ नावाच्या हल्लेखोर पाणबुडीचं काम नुकतं सुरू झालं होतं. त्याच सुमारास, ४ ऑक्टोबरला, सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक अवकाशात गेला आणि पोलॅरिसची मुदत एकदम काही वर्षं अलीकडे, १९६० वर ओढली गेली. कोऱ्या कागदावरून नवी पाणबुडी आखायला सवडच उरली नाही. मग हाताशी होतं ते वापरायचं ठरलं. कापाकापी झाली ती त्या अर्धवट सांगाड्याची, आणि त्याहून जास्त आराखड्यांची.

छेद घेतला तो मनोऱ्याच्या (पाठीवरच्या उंच भागाच्या) मागे आणि अणुभट्टीच्या पुढे. तिथे १३० फूट, म्हणजे ३९.६ मीटर लांबीचा नवा भाग आला. त्यातले ७५ फूट क्षेपणास्त्रांच्या नळ्यांसाठी, आठ-आठच्या दोन रांगा. ४५ फूट दिशादर्शन आणि क्षेपणास्त्र-नियंत्रणाच्या यंत्रांसाठी आणि उरलेले १० फूट साहाय्यक यंत्रांसाठी. पुढचं टॉर्पेडोघर आणि मागची भट्टी, टर्बाइन, पंखा हा सगळा संसार मूळ आराखड्यातलाच राहिला. ९ जून १९५९ ला जलावतरणही झालं. हा वेग चकित करणारा आहे, पण त्यामागे हुशारीपेक्षा ‘सिद्ध झालेल्याला हात लावायचा नाही’ हा हट्ट जास्त होता.

प्रश्न : मध्ये ४० मीटरचा तुकडा घातला म्हणजे नुसती लांबी वाढली ना? त्यात अवघड ते काय?

उत्तर : जहाज लांब केलं तर ते जरा जास्त तरंगेल, एवढंच. पाणबुडीला ती सवलत नाही. तिने जेवढं पाणी बाजूला सारलं, बरोबर तेवढंच तिचं वजन हवं.

हिशेब करून पाहा. नव्या भागाचा व्यास सुमारे १० मीटर, लांबी ३९.६ मीटर. घनफळ येतं ३,१०० घनमीटरच्या वर. समुद्राचं पाणी घनमीटरला १.०२५ टन, म्हणजे या तुकड्याने सारलेलं पाणी सुमारे ३,२०० टन. आता दुसरीकडून तपासा : ‘स्कॉर्पियन’ ज्यातली, त्या मूळ ‘स्किपजॅक’ वर्गाच्या पाणबुडीचं बुडालेल्या स्थितीतलं वजन साधारण ३,५०० टन आणि ‘जॉर्ज वॉशिंग्टन’चं ६,७०० टन. फरक तोच. म्हणजे या एका तुकड्यात कवच, नळ्या, यंत्रं, टाक्या, वजनासाठी ठेवलेलं शिसं असं सगळं मिळून ३,२०० टन भरायला हवं होतं. सोळा क्षेपणास्त्रं त्यात जेमतेम २१० टनांची.

वजन नुसतं भरून चालत नाही, ते योग्य जागी बसावं लागतं. पुढे झुकलं तर नाक खाली, वर चढलं तर पाणबुडी कलंडणार. म्हणून बांधकामात प्रत्येक पंप, प्रत्येक तारेचं भेंडोळं आत नेण्याआधी काट्यावर चढतं आणि त्याच्या वजनाबरोबर जागेचीही नोंद होते. ही वही ढिली पडली की शेवटी शिशाच्या विटा इकडून तिकडे हलवत बसावं लागतं. आणि शक्ती? ती तेवढीच राहिली, १५,००० अश्वशक्ती. त्यामुळे हल्लेखोर भावंडं पाण्याखाली ३० नॉटच्या आसपास पळत, तर हिला विशीतल्या वेगावर समाधान मानावं लागलं. लपून राहणं हेच जिचं काम तिला पळायची गरज कमी, म्हणून ही तडजोड चालून गेली.

प्रश्न : मी वेल्डिंगच्या धंद्यात आहे. पाणबुडीचं पोलाद वेल्ड करायला फार त्रासदायक असतं असं ऐकतो. नेमका त्रास कसला?

उत्तर : या पिढीच्या पाणबुड्यांचं पोलाद होतं एचवाय-८०. ८० म्हणजे दर चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत ते कायमचं वाकत नाही. मेगापास्कलमध्ये सांगायचं तर ५५०, साध्या बांधकामी पोलादाच्या दुपटीहून जास्त. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम घालून, तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद तापवून ही ताकद आणलेली असते. वेल्डिंगची ज्योत ही सगळी मेहनत जोडाच्या कडेला पुसून टाकू शकते.

तुम्हाला ओळखीचा शत्रू म्हणजे हायड्रोजन. रॉडच्या लेपात किंवा पत्र्यावर जराशी ओल असली तरी ज्योतीत पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. जोड गार झाला की तो जोडाशेजारच्या कडक झालेल्या पट्ट्यात साचतो आणि तिथे तडा जातो. गंमत अशी की तडा लगेच जात नाही. काही तासांनी, कधी दिवसांनी जातो. सकाळी क्ष-किरणात स्वच्छ दिसलेला जोड दोन दिवसांनी तडकलेला सापडतो. म्हणून पत्रा आधी गरम करून घ्यायचा. रॉड गरम पेटीतून लागतील तेवढेच काढायचे, बाहेर राहिलेले परत भाजल्याशिवाय वापरायचे नाहीत. तपासणी थोडा काळ जाऊ देऊनच करायची. पण उष्णता फार झाली तरी वाईट, कारण मग पोलादाची विझवणी उतरते. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा, यांच्यामधून काम काढायचं. एकाच जोडावर शेकडो थर चढतात, आणि ते आतून-बाहेरून, समोरासमोर आलटून-पालटून चढवावे लागतात, नाहीतर कवचाचं कडं एका बाजूला ओढलं जातं.

गोलाई बिघडली तर काय होतं? समजा २०० मीटर खोली, कवचाची त्रिज्या ५ मीटर आणि जाडी ४० मिलिमीटर. दाब साधारण २ मेगापास्कल. दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी : पोलादावरचा ताण आला २५० मेगापास्कल. हा आकडा अचूक गोलाईच्या नळकांड्यासाठी. कुठे चपटं राहिलं तर तिथे पत्रा नुसता दाबला जात नाही, वाकूही लागतो, आणि ताण झपाट्याने चढतो. म्हणून कड्याच्या आतून व्यास ठिकठिकाणी मोजले जातात. चुकलेला जोड खरवडून, परत गरम करून भरता येतो, पण दर दुरुस्तीनंतर नवा ताण पोलादात अडकून राहतो. तिसऱ्यांदा दुरुस्त केलेल्या जोडाकडे कोणीही जरा संशयानेच बघतो.

प्रश्न : कवचाला एवढं जपायचं आणि मग त्यालाच सोळा भोकं पाडायची? हे कसं चालतं?

उत्तर : भोकं सोळा नाहीत, बत्तीस धरा. नळ्या कवचाच्या वरून आत येतात आणि तळाशी जाऊन टेकतात, म्हणून वरही सांधा आणि खालीही. प्रत्येक भोकामुळे कवचाला आतून धरणाऱ्या बरगड्या तुटतात. तुटलेल्या बरगडीचा भार वाहायला भोकाभोवती जाड पोलादाचं कडं बसवतात आणि बरगड्यांची टोकं त्याला जोडतात. नळी स्वतःच मग खांबाचं काम करू लागते.

खरी गंमत खोलीवर दिसते. वरच्याच आकड्यांनी पाहिलं तर २५० मेगापास्कल ताणाला पोलाद हजारात सव्वा भाग आक्रसतं. दहा मीटर व्यासाचं कवच साधारण सेंटीमीटरभर आत येतं. पाणबुडीत आडवी दोरी ताणून बांधली तर खोल गेल्यावर तिला झोळ पडतो, तो यामुळेच. नळी मात्र उभी, ताठ. भोवतालचं कवच आत येऊ पाहतं, नळी येऊ देत नाही, आणि दोघांचा तंटा सांध्यावर निघतो. दर डुबकीला एकदा. त्यामुळे गोदीत आल्यावर पहिली तपासणी या सांध्यांची. नळ्यांच्या या दालनाला खलाशी ‘शेरवुडचं जंगल’ म्हणत, दोन्ही बाजूंनी खोडं उभी असल्यासारखं दिसे म्हणून.

प्रश्न : क्षेपणास्त्राचं इंजिन नळीतच पेटतं का? आणि एकेक क्षेपणास्त्र गेल्यावर पाणबुडी हलकी होऊन वर येत नाही?

उत्तर : नळीत काही पेटत नाही. क्रम असा : आधी नळीतला दाब बाहेरच्या पाण्याइतका करतात. तो केला नाही तर झाकण उघडणारच नाही. दोन चौरस मीटरचं झाकण धरलं तर ३० मीटर खोलीवर त्याच्यावर ६० टन भार असतो. दाब सारखा झाला की झाकण उघडतं, तरी पाणी आत येत नाही, कारण तोंडावर एक पातळ पडदा ताणलेला असतो. मग दाबून भरलेली हवा क्षेपणास्त्राखाली सोडतात. ते पडदा फाडून, हवेच्या बुडबुड्यासकट वर उसळतं आणि पाण्याबाहेर आल्यावर पहिला टप्पा पेट घेतो. न पेटलं तर समुद्रात पडेल, पण पाणबुडीच्या पोटात आग नको. (पुढच्या पाणबुड्यांत हवेऐवजी छोट्या वायुजनकाने वाफ करून ढकलायची पद्धत आली. हवेच्या अवजड बाटल्या वाचल्या.) समुद्रात जाण्याआधी हे तंत्र जमिनीवर घोटून घेतलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नौदल गोदीत नकली क्षेपणास्त्रं वर उडवून, अजस्र क्रेनला बांधलेल्या दोरांनी ती हवेतच धरत.

हलकं होण्याचं म्हणाल तर उलटंच घडतं. पोलॅरिसच्या पहिल्या आवृत्तीची, ए-१ ची, लांबी ८.७ मीटर, व्यास १.३७ मीटर, वजन १३ टन. तेवढ्या आकाराचं पाणीही जवळजवळ १३ टनांचंच. पण नळी क्षेपणास्त्राहून मोठी, आणि मधली जागा आधी हवेने भरलेली. क्षेपणास्त्र गेलं की पूर्ण नळी पाण्याने भरते, म्हणजे पाणबुडी आधीपेक्षा जड होते. शिवाय सुटतानाचा झटका तिला खाली दाबतो. मग वेगळ्या भरपाई टाक्यांतलं पाणी मोजून बाहेर ढकलायचं. एका नळीला काही टनच, पण पाठोपाठ सोळा सोडायची तर प्रत्येक वेळी खोली पुन्हा धरून स्थिर व्हावं लागतं. दोन क्षेपणास्त्रांमधला वेळ बराचसा यात जातो.

प्रश्न : तेव्हाची मोठी रॉकेटं द्रव इंधनावर चालत. मग इथे घन इंधन का?

उत्तर : नौदलाने आधी द्रव इंधनाचाच घास घेतला होता. १९५५ मध्ये भूदलाबरोबर ‘ज्युपिटर’ वापरायचं ठरलं : सुमारे ५० टनांचं धूड, केरोसीन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. बंद पोलादी नळकांड्यात, डुलणाऱ्या समुद्रावर, हे भरायचं कुणी? १९५६ अखेर नौदल त्यातून बाहेर पडलं. दोन गोष्टींनी वाट मोकळी केली. घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी भरपूर घातली तर जोर बराच वाढतो हे नुकतंच सापडलं होतं. आणि १९५६ च्या उन्हाळ्यात नोब्स्का इथल्या अभ्यासबैठकीत अण्वस्त्रांचे शास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी सांगितलं, की काही वर्षांत अण्वस्त्राचं टोक खूप हलकं होईल, आजच्या वजनावर आराखडा बेतू नका. हा सल्ला मानणं म्हणजे नसलेल्या वस्तूभोवती पाणबुडी बांधणं होतं. रिअर ॲडमिरल विल्यम रॅबॉर्न यांच्या विशेष प्रकल्प कार्यालयाने तो जुगार खेळला आणि जिंकला.

घन इंधन भरायचा त्रास नाही, पण लाड असतातच. ते रबरासारखं एकसंध ओतलेलं असतं. त्यात चीर पडली तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब वाढतो आणि मोटार फुटते. तापमानाच्या चढउताराने चिरा पडतात, म्हणून नळ्यांचं तापमान सतत एका पट्ट्यात ठेवावं लागतं.

प्रश्न : पाण्याखाली महिने काढणाऱ्या पाणबुडीला आपण कुठे आहोत हे कळतं कसं?

उत्तर : नेम चुकण्याचं मोठं कारण क्षेपणास्त्र नसतं, हे असतं. पाणबुडीने आपली जागा एक किलोमीटरने चुकीची धरली तर ती चूक सरळ लक्ष्यावर उतरते. उत्तर दिशा एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने चुकली तर २,२०० किलोमीटरवर ६४० मीटरचा फरक पडतो.

उपाय होता जडत्वावर चालणारं दिशादर्शन. वेगाने फिरणारे जायरो दिशा धरून ठेवतात, त्वरणमापक प्रत्येक हालचाल टिपतात, गणकयंत्र बेरीज करत जातं. बाहेर डोकवायची गरज नाही. पण जायरो किंचित सरकतात, आणि बेरजेत चूक साठत जाते. शिवाय चुकीला ८४ मिनिटांचा झोका असतो, त्यामुळे एका क्षणीचं मोजमाप फसवू शकतं. म्हणून एक नव्हे, तीन संच बसवले. एकाने वेगळं सांगितलं तर कोण बिघडलंय ते कळावं. अधूनमधून खास पेरिस्कोपने ताऱ्याचा वेध किंवा लोरान-सी चे रेडिओ संकेत घेऊन हिशेब ताळ्यावर आणत. पुढे ट्रान्झिट उपग्रह आले. त्यांची कल्पना स्पुटनिकच्या संकेताची कंप्रता ऐकताना सुचलेली : जमिनीवरून उपग्रहाची कक्षा काढता येते, तर उपग्रहावरून आपली जागा का नाही? ज्याने घाई लावली त्यानेच वाटही दाखवली म्हणायची.

प्रश्न : आतली हवा खराब होत नाही का?

उत्तर : होते, आणि ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डायऑक्साइड त्रास देतो. तो अमाइनच्या द्रावणातून हवा फिरवून शोषला जातो. ते द्रावण तापवलं की वायू सुटतो, तो समुद्रात सोडायचा आणि द्रावण परत वापरायचं. त्याचा वास कपड्यांना इतका चिकटतो की खलाशी घरी आल्याचं आधी नाकाला कळतं. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन गरम उत्प्रेरकावर जाळतात. तिथेच एक फट आहे : शीतयंत्रातला गळका वायू त्या गरम उत्प्रेरकावर गेला तर त्याची आम्लं होतात. म्हणून आत काय न्यायचं याची यादी कडक. पाऱ्याचा थर्मामीटर नाही, फवाऱ्याचे डबे नाहीत.

प्रश्न : ‘थ्रेशर’ पाणबुडी वेल्डिंग तुटूनच बुडाली ना?

उत्तर : १० एप्रिल १९६३ रोजी १२९ माणसांसह ही अमेरिकी अणुपाणबुडी बुडाली. चौकशीने बोट ठेवलं ते वेल्डवर नव्हे, समुद्राचं पाणी वाहणाऱ्या नळांच्या चांदी-झाळणीवर. झाळणीत एक नळ दुसऱ्या बाहीत सरकवतात आणि मधल्या फटीत वितळलेला मिश्रधातू ओढला जातो. बाहेरून कड्याला चांदीची सुबक रेघ दिसते, आतली फट मात्र अर्धी रिकामी असू शकते. डोळ्यांनी कळत नाही, ध्वनिलहरींनीच कळतं. ‘थ्रेशर’वर आधी असे १४५ जोड तपासले होते, त्यातले १४ टक्के निकृष्ट निघाले, आणि उरलेल्या हजारोंची तपासणी राहून गेली. जोड फुटून विजेच्या फलकांवर पाणी उडालं, भट्टी बंद पडली. टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकलावं तर दाबाच्या हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन गाळण्या तुंबल्या, असा निष्कर्ष आहे. यानंतर ‘सबसेफ’ पद्धत आली : समुद्राशी संबंध येणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा जन्मदाखला, कुणी जोडला, कुणी तपासला, कागदावर.

प्रश्न : रशियनांनी हे अमेरिकेच्या आधी केलं नव्हतं का?

उत्तर : पाणबुडीवरून क्षेपणास्त्र सोडण्याचा पहिला मान त्यांचाच. १६ सप्टेंबर १९५५ रोजी बी-६७ या पाणबुडीने श्वेत समुद्रात ते सोडलं. पण पाण्यावर येऊन, आणि ती डिझेलवर चालणारी होती. त्यांची पहिली क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुडी के-१९ नोव्हेंबर १९६० मध्ये दाखल झाली. तिच्यावर तीन क्षेपणास्त्रं, पल्ला ६०० किलोमीटरच्या आसपास, आणि तीही वर आल्याशिवाय सुटत नसत.

प्रश्न : १९६८ मध्ये ‘स्कॉर्पियन’ बुडाली. मग ती हीच का? आणि ‘जॉर्ज वॉशिंग्टन’चं शेवटी काय झालं?

उत्तर : बुडालेली दुसरी. मूळ सांगाडा ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ला गेल्यावर त्याच नावाने आणि त्याच ५८९ क्रमांकाने नवी ‘स्कॉर्पियन’ बांधली. तीच मे १९६८ मध्ये अझोर्सच्या नैर्ऋत्येला ९९ माणसांसह गेली. पहिल्या नावाची पाटी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’च्या पुढच्या सुटकाद्वाराच्या आत राहिली होती.

‘जॉर्ज वॉशिंग्टन’ १५ नोव्हेंबर १९६० ला पहिल्या गस्तीवर निघाली आणि २१ जानेवारी १९६१ ला परतली. यंत्रं थकत नाहीत, माणसं थकतात, म्हणून ‘निळा’ आणि ‘सोनेरी’ असे दोन पूर्ण खलाशी-संच आलटून-पालटून तिच्यावर जात. एकूण ५५ गस्ती झाल्या. १९६४ नंतरच्या दुरुस्तीत ४,६०० किलोमीटर पल्ल्याचं पोलॅरिस ए-३ आलं. त्यापुढचं ‘पोसायडन’ १.८८ मीटर जाडीचं. ते या नळ्यांत मावेना, आणि तिथेच हिची वाढ खुंटली. ९ एप्रिल १९८१ रोजी पूर्व चीन समुद्रात वर येताना ती ‘निशो मारू’ या जपानी मालवाहू जहाजाला धडकली. जहाज बुडालं, दोघे गेले. २४ जानेवारी १९८५ ला ती निवृत्त झाली आणि १९९८ मध्ये ब्रेमर्टनच्या गोदीत तिचं विघटन पुरं झालं. मनोरा तेवढा सोडवून ठेवला. तो ग्रॉटनला, पाणबुडी संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे.